मुंबई ते लंडन : किती लांब, किती वेळ?

आठवीच्या वर्गात वेग, वेळ आणि अंतर यांची गणिते चालू होती. पुस्तकातल्या आगगाड्यांना आणि सायकलस्वारांना मुले कंटाळली होती. म्हणून मी त्यांना सांगितले, "घरात कोणी नुकताच प्रवास केला असेल तर निघण्याची आणि पोचण्याची वेळ विचारा, अंतर शोधा आणि वेग काढून आणा." बहुतेकांनी एसटीच्या प्रवासाचे आकडे आणले. एका मुलीने मात्र जानेवारीत लंडनला जाऊन आलेल्या आपल्या मामाच्या वेळा वहीत उतरवून आणल्या होत्या :

जाताना : मुंबईहून निघाले दुपारी १.००, लंडनला पोचले त्याच दिवशी संध्याकाळी ५.३०.
येताना : लंडनहून निघाले रात्री ८.३०, मुंबईला पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी ११.००.

अंतर तिने घेतले होते ७,२०० किलोमीटर. जाताना साडेचार तास, म्हणून वेग ताशी १,६०० किमी. येताना साडेचौदा तास, म्हणून वेग ताशी सुमारे ४९७ किमी. सूत्र बरोबर, भागाकार बरोबर. वह्यांचा गठ्ठा मोठा होता. मी बरोबरची खूण करून वही पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी म्हणाली, "सर, एकच विमान जाताना इतकं जोरात आणि येताना इतकं हळू कसं?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? विमान वर गेलं की खाली पृथ्वी फिरत राहते. जाताना लंडनच विमानाकडे येतं. येताना मुंबई पुढे पळत असते."

साऱ्या वर्गाला हे पटले. आकड्यांशीही ते जुळत होते. एक चुकीची आकडेमोड आणि एक चुकीची कल्पना एकमेकींना आधार देत उभ्या होत्या, आणि आकडेमोडीवर माझी बरोबरची खूण होती. त्यानंतरचे चार तास आम्ही या एकाच गणितावर घालवले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

पृथ्वी खाली सरकते का?

आधी मुलाच्या कल्पनेकडे पाहू. ती नुसती "चूक आहे" म्हणून सोडून देऊ नये, तिचा हिशोब करावा. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने जातो. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५८० किमी भरतो. वर गेलेल्या वस्तूखालून पृथ्वी खरोखरच सरकत असती, तर हेलिकॉप्टरने एका जागी तासभर तरंगून खाली उतरावे आणि मुंबईच्या पश्चिमेला दीड हजार किलोमीटरवर अरबी समुद्रात पडावे. ताशी ९०० किमी वेगाच्या विमानाला तर मुंबईहून पूर्वेकडे कधी जाताच आले नसते.

असे होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतून उडते. चालत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या बाकावर जात नाही. विमानही निघण्याआधीपासूनच पृथ्वीबरोबर पूर्वेकडे जात असते. वर गेल्यावर तो वेग नाहीसा होत नाही.

दोन घड्याळांची वजाबाकी

मग साडेचार आणि साडेचौदा तास आले कुठून? तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची. त्या मुलीने भारताच्या घड्याळातली वेळ इंग्लंडच्या घड्याळातल्या वेळेतून वजा केली होती. फूट आणि मीटर यांची थेट वजाबाकी करण्यासारखेच हे झाले.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ८२.५ ला १५ ने भागले की ५.५ येतात, म्हणून आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. लंडनला संध्याकाळचे ५.३० झाले तेव्हा मुंबईत रात्रीचे ११ वाजले होते. म्हणजे जाताना दहा तास लागले. येतानाच्या साडेचौदा तासांतून साडेपाच वजा केले की उरतात नऊ. (इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचाच राहतो.)

इथे मुलांना एक छान गोष्ट दाखवता येते. प्रमाणवेळांतला फरक ठाऊक नसला तरीही सरासरी प्रवासवेळ काढता येते. घड्याळाने दिलेले दोन्ही आकडे फक्त मिळवा : ४.५ + १४.५ = १९ तास. जाताना जेवढे तास कमी दिसले तेवढेच येताना जास्त दिसले, त्यामुळे बेरजेत ते उडून जातात. १९ ची निम्मी साडेनऊ तास. ही झाली एका बाजूची सरासरी.

बेरजेनंतर वजाबाकी करून पाहा. १४.५ − ४.५ = १०, आणि त्याची निम्मी ५. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ लागत असता तर हा आकडा प्रमाणवेळांमधला फरक, म्हणजे ५.५ यायला हवा होता. तो अर्ध्या तासाने कमी आला, कारण जाण्याचा वेळ येण्याच्या वेळेपेक्षा एका तासाने जास्त आहे. त्या मुलाच्या तर्काच्या नेमके उलटे! पश्चिमेकडे जायला कमी वेळ लागत नाही, जास्त लागतो. तो का, हे पुढे पाहू. आधी अंतराकडे वळू.

पृथ्वीगोल आणि दोरा

७,२०० किमी हा आकडा खरा कशावरून? वर्गात जगाचा नकाशा होता. मुलांनी पट्टी लावून मुंबई ते लंडन रेघ ओढली. रेघेच्या मध्याशी तुर्कस्तानचा दक्षिण भाग आला. मग आम्ही ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला आणि मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरला. त्याच रेखांशावर दोरा काळ्या समुद्राच्या ईशान्य टोकाशी, केर्चच्या सामुद्रधुनीजवळ आला. पट्टीची रेघ आणि दोरा यांच्यात त्या रेखांशावर जवळजवळ ९०० किमीचे अंतर!

मुले म्हणाली, "पण पट्टीची रेघ सरळ आहे." ती कागदावर सरळ आहे. गोलाचा पृष्ठभाग कागदावर पसरताना कुठेतरी ताणावा लागतोच. नेहमीच्या मर्केटर नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश फार ताणले जातात. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग ताणलेला दोरा दाखवतो. तो मार्ग ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. उत्तर गोलार्धात दूरचा पूर्व-पश्चिम प्रवास असला की हा मार्ग नकाशावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो.

आता दोरा मोजा. तो सुमारे १७ सेंमी भरतो. गोलाचा परीघ सुमारे ९४.२ सेंमी आणि पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी, म्हणजे १ सेंमीला ४२५ किमी. १७ × ४२५ = ७,२२५ किमी. दोरा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चूक होते ४२ किमीची. शाळेतल्या साधनांनी इतके जवळचे उत्तर येते हे मुलांना फार आवडते.

नववी-दहावीच्या शिक्षकांना हेच उत्तर त्रिकोणमितीनेही पडताळता येईल. दोन ठिकाणांमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा. नियम असा : दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांची कोसाइने आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन यांचा गुणाकार करा. या दोहोंची बेरीज म्हणजे हव्या त्या कोनाचे कोसाइन.

मुंबई विमानतळ : १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ : ५१.५ अंश उत्तर, ०.५ अंश पश्चिम. रेखांशांतील फरक सुमारे ७३.३ अंश.

पहिला गुणाकार : ०.३२७ × ०.७८३ = ०.२५६.
दुसरा गुणाकार : ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९.
बेरीज ०.४२५. हे ज्याचे कोसाइन आहे तो कोन ६४.८५ अंश.

पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. म्हणून अंतर सुमारे ७,२१० किमी. नकाशावरच्या पट्टीच्या रेघेने गेलो तर हेच अंतर सुमारे ७,४१० किमी होते, म्हणजे दोनशे किलोमीटर जास्त. अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजायचे, हेही मुलांना सांगावे. हीथ्रो लंडनच्या मध्यभागापासून वीस-पंचवीस किमी पश्चिमेला आहे. सात हजारांत तेवढ्याने बिघडत नाही, पण जवळच्या दोन गावांच्या बाबतीत बिघडते.

दोऱ्यावरून विमान जात नाही

दोरा ताणलेला असतानाच मुलांना विचारा, तो कोणकोणत्या गावांवरून जातो? मुंबई सोडल्यावर तो अरबी समुद्राच्या कडेने जातो आणि जवळजवळ नेमका कराचीवरून जातो. पुढे इराण, कास्पियन समुद्राची नैऋत्य बाजू, कॉकेशसचा डोंगराळ प्रदेश, काळा समुद्र, युक्रेनमधल्या ओदेसाच्या आसपासचा भाग, पोलंड आणि स्लोव्हाकियाची सीमा, जर्मनी आणि मग लंडन.

ही यादी वाचली की भूगोलाच्या तासाचा नागरिकशास्त्राचा तास होतो. प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश त्या देशाच्या मालकीचे असते. १९४४ च्या शिकागो करारात हे तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारताकडून येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेक वाहतुकीला बंद होते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने ते भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केले. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातली सर्व २९८ माणसे मेली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे सगळे आकाश नागरी विमानांना बंद झाले.

म्हणजे भूमितीने काढलेल्या रेघेचे पहिले टोक एका सीमेवर अडते आणि मधला भाग एका युद्धावर. विमान मग अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान अशा वळणाने जाते आणि अंतर काहीशे किलोमीटरनी वाढते. वैमानिकाला त्या दिवशी मिळालेला मार्ग हाच खरा मार्ग. दोऱ्याने मिळतो तो फक्त खालचा आकडा : अंतर याहून कमी असू शकत नाही.

थांबे घेतले तर मार्ग आणखी बदलतो. एअर इंडिया इंटरनॅशनलचे "मलबार प्रिन्सेस" हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनच्या पहिल्या सफरीवर निघाले, ते कैरो आणि जिनीव्हा या मार्गाने. कैरो आपल्या दोऱ्यापासून पुष्कळ दक्षिणेला आहे. पण त्या काळच्या विमानांना वाटेत इंधन घ्यावे लागे, आणि थांबा जिथे सोयीचा तिथूनच मार्ग जाई.

वरचा वारा

आता राहिलेला प्रश्न : जायला दहा तास आणि यायला नऊ, असे का? याचे उत्तर वाऱ्यात आहे. विषुववृत्ताजवळची हवा तापलेली आणि फुगलेली असते, ध्रुवांकडची थंड आणि आकसलेली. त्यामुळे उंचावर विषुववृत्ताकडे हवेचा दाब जास्त आणि ध्रुवांकडे कमी असतो. हवा ध्रुवांकडे जाऊ लागते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, म्हणजे पूर्वेकडे. अशा रीतीने ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान, अरुंद वाऱ्याचे पट्टे तयार होतात. यांनाच जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी १०० ते २०० किमी असणे नेहमीचे आहे. हिवाळ्यात तो कधी कधी ३०० च्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली आपले निष्कर्ष एस्परांतो भाषेत छापले. जगाचे त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

आपल्याकडेही हा प्रवाह येतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहतो. मोसमी पाऊस येण्याच्या सुमारास तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो.

तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासवेळेशी संबंध आहे, पण तो असा वाऱ्यातून आलेला. मागच्या बाकावरच्या मुलाला मी हे मुद्दाम सांगितले. पृथ्वी फिरते ही त्याची गोष्ट खरी होती. तिच्यापासून काढलेले अनुमान चुकले.

आता गणित. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि पश्चिमेचा वारा ताशी १०० किमी आहे. नावाड्याच्या गणितासारखेच हे आहे. लंडनला जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ८००, येताना १,०००. वेळ : ७,२०० ÷ ८०० = ९ तास आणि ७,२०० ÷ १,००० = ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर ८ + ८ = १६ तास. मुलांना वाटते की जाताना गमावले ते येताना मिळते, पण तसे होत नाही. १२ मिनिटे गेलीच. याचे कारण मुलांनाच शोधू द्या : विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ असते.

याचे ठळक उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या सफरीचे आहे. पृथ्वीगोलावर हा दोरा सुमारे १२,४०० किमीचा भरतो. तो हिमालय, तिबेट आणि सैबेरियावरून साडेपंचाहत्तर अंश उत्तरेपर्यंत चढतो. पण तिबेटवरून विमाने सहसा नेत नाहीत. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर झटपट तीन किमी उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. एअर इंडियाची सफर आधी अटलांटिक महासागरावरून पश्चिमेकडे जाई, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेली. अंतर झाले सुमारे १५,३०० किमी, पण वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. भागाकार करा : ताशी सरासरी १,०५५ किमी. वाऱ्याच्या पाठीवर बसलेल्या विमानाचा हा वेग. सर्वांत जवळची वाट सर्वांत लवकरची असतेच असे नाही.

जमिनीवरची मिनिटे

शेवटचा मुद्दा छोट्या सफरींचा. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किमी आहे. ताशी ८५० ने भागले तर एक तास वीस मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र दोन ते सव्वादोन तास लिहिलेले असतात. कारण वेळापत्रकातली वेळ विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, पाळी येईपर्यंत थांबणे, वर चढणे, खाली उतरताना घिरट्या घालणे, या सगळ्यांत पाऊण-एक तास जातो. अंतर शंभर किमी असो की दहा हजार, हा भाग साधारण तेवढाच राहतो.

म्हणून मुलांना सूत्र द्यायचेच असेल तर असे द्यावे : प्रवासवेळ = (अंतर ÷ वेग) + पाऊण-एक तास. आलेख काढला तर रेघ शून्यातून निघत नाही, थोडी वरून निघते. एसटीच्या गाडीला आणि चहाच्या थांब्यालाही हे लागू पडते.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. कोणत्याही दोन शहरांमधल्या विमानाच्या जाण्या-येण्याच्या वेळा मिळवा. प्रमाणवेळ न बघता बेरजेने सरासरी प्रवासवेळ काढा.
२. पृथ्वीगोलावर दोऱ्याने अंतर मोजा आणि नकाशावर पट्टीने. दोन्ही वाटांवरचे देश लिहून काढा.
३. जाण्या-येण्याच्या वेळांतला फरक पूर्व-पश्चिम सफरीत किती आणि दक्षिणोत्तर सफरीत किती, याची तुलना करा.
४. आलेल्या वेगाची शहानिशा करा. तो ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त येतो का?

हा चौथा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ताशी १,६०० किमी हा ध्वनीपेक्षा पुष्कळ मोठा वेग आहे. ध्वनीपेक्षा वेगाने प्रवासी नेणारे काँकॉर्ड विमान २००३ साली सेवेतून गेले. मामाचे विमान त्या वेगाने जाणे शक्यच नव्हते. त्या मुलीची वही मी परत मागून घेतली आणि माझी खूण खोडली. तिने त्याखाली नवे उत्तर लिहिले होते : जाताना ताशी ७२०, येताना ताशी ८००, आणि कंसात, "मार्ग वळणाचा असल्यास याहून जास्त." यावर मात्र खूण करताना मी अंतर, वेळ आणि घड्याळे, तिन्ही तपासून पाहिली.